श्रीलंका आठ दिवसांत रेल्वेने: गोल फेरी होते का? (आई-वडील सोबत)

तापीकाठ, भुसावळ

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आठ दिवस श्रीलंकेला जायचं ठरतंय. आम्ही दोघं आणि आई-वडील. वडील रेल्वेतून निवृत्त झालेत. आईचे गुडघे दुखतात, पण हळूहळू जिना चढते. वडिलांची अट एकच: टूरवाल्याची व्हॅन नको, बेट रेल्वेनेच बघायचं. नकाशा समोर ठेवून असा बेत केलाय की कोलंबोहून गॉल, तिथून एल्ला, मग कँडी, जमलं तर जाफना आणि परत कोलंबो. म्हणजे बेटाला एक वळसा.

असा वळसा रेल्वेने होतो का? आरक्षण किती आधी करायचं आणि कसं? फोटोत दिसते ती कँडी-एल्ला गाडी म्हातार्‍या माणसांना झेपेल का? आणि घरात कुणी अंडंही खात नाही, तर गाडीत पोटाचं काय करायचं?

जंक्शनवाला

वळसा होत नाही, ते आधी डोक्यातून काढा भाऊ. श्रीलंकेचं रेल्वेजाळं म्हणजे उघडा पंजा: मनगट कोलंबोला, बोटं चहूकडे, आणि बोटांची टोकं एकमेकांना कुठेच जोडलेली नाहीत.

दक्षिणेची किनार्‍याची लाइन गॉल, मातारा करत बेलिअत्ताला संपते. २०१९ पर्यंत ती माताराच्या पुढे जातच नव्हती. डोंगरातली मुख्य लाइन कँडीच्या अलीकडे पेरादेनिया जंक्शनवरून वर चढते आणि बदुल्लाला संपते. उत्तरेची पोलगहवेला, माहो, अनुराधापुरा, वावुनिया करत जाफना आणि पुढे कांकेसंतुरैपर्यंत. माहोहून एक फाटा पूर्वेला निघतो, तो गल ओयाला फुटून त्रिंकोमाली आणि बट्टिकलोआकडे जातो. नेगोंबोवरून पुत्तलमकडे जाणारी लाइन वेगळी. बेलिअत्ता आणि बदुल्ला यांच्या मधल्या सगळ्या आग्नेय कोपर्‍यात रूळ नाहीत. याला नावाचं अभयारण्य, कतरगामा देवस्थान हे सगळं रस्त्याने. म्हणजे गॉलहून एल्लाला जायचं तर एक दिवस व्हॅन किंवा बस घ्यावीच लागेल, एवढं काकांना आताच सांगून ठेवा.

जाफना यावेळी सोडा. कोलंबोहून जवळजवळ ४०० किमी आहे, जाऊन-येऊन दोन दिवस गाडीतच जातात. ती लाइन युद्धामुळे १९९० मध्ये बंद पडली होती आणि जाफनापर्यंत २०१४ मध्ये परत सुरू झाली. रूळ पुन्हा टाकायचं काम आपल्या इरकॉनने, म्हणजे भारतीय रेल्वेच्या बांधकाम कंपनीने केलं. पुढच्या खेपेला वेगळे पाच दिवस काढून अनुराधापुरासकट करा.

आठ दिवसांत मी असं लावीन: कोलंबोत उतरल्यावर पहिली रात्र तिथेच. दुसर्‍या दिवशी रेल्वेने गॉल, दोन मुक्काम. मग व्हॅनने एल्ला, दोन मुक्काम. तिथून रेल्वेने नानु ओया, म्हणजे नुवारा एलियाचं स्टेशन, एक मुक्काम. पुढे रेल्वेने कँडी, एक मुक्काम. शेवटचा दिवस कँडीहून रेल्वेने कोलंबो. हा क्रम जाणूनबुजून उलटा ठेवलाय. बहुतेक पर्यटक कँडीहून एल्लाकडे चढतात, त्यामुळे त्या बाजूची आरक्षणं आधी संपतात. उलट्या बाजूला गाडी बदुल्लाहूनच निघते, तेव्हा ती तिथे रिकामी मिळते.

काकांसाठी दोन गोष्टी. गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर, आपलंच, १६७६ मिमी, आणि बरेच डबे चेन्नईच्या आयसीएफ या डब्यांच्या कारखान्यातून गेलेले. डोंगरी भागात एकेरी मार्गावर अजून टॅब्लेट पद्धत चालते: टॅब्लेट म्हणजे धातूची चकती, ती हातात आल्याशिवाय ड्रायव्हरला पुढच्या स्टेशनापर्यंत गाडी नेता येत नाही. आपल्याकडे ड्रायव्हरला गोळा द्यायचे तसा तिथे कड्यात अडकवलेला टॅब्लेट देतात-घेतात. स्टेशन येताना इंजिनाच्या मागच्याच डब्यात, फलाटाच्या बाजूला बसलं तर ही देवाणघेवाण हातभर अंतरावरून दिसते. चढ ४४ ला १, म्हणजे ४४ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. आपला कसारा घाट ३७ ला १ आहे, तेव्हा चढ बघून ते फारसे चकित होणार नाहीत. पण कसारा काही मिनिटांत संपतो आणि हा चढ नावलपिटियापासून पट्टिपोलापर्यंत तासन्‌तास चालतो. पट्टिपोलाच्या पुढे मार्ग १,८९८ मीटरवर पोचतो. वरचा सरासरी वेग ताशी २५ किमीच्याही आत धरा.

धुळेकर_२

तिकिटाचं मी सांगतो. यात लोक सगळ्यात जास्त फसतात.

तिथे तिकिटं दोन प्रकारची: आरक्षित आणि अनारक्षित. अनारक्षित तिकीट त्याच दिवशी स्टेशनच्या खिडकीवर मिळतं आणि ते कधीच संपत नाही. जागा मिळेल की नाही हा वेगळा प्रश्न. आपल्यासारखी वेटिंग, आरएसी ही भानगड नाही. आरक्षित संपलं की संपलं.

आरक्षण ३० दिवस आधी सकाळी १० ला उघडतं. घड्याळ आपलंच, वेळेचा फरक नाही. श्रीलंका रेल्वेच्या अधिकृत आरक्षण संकेतस्थळावर कार्डाने पैसे भरता येतात. प्रत्येकाचा पासपोर्ट नंबर आधी एका कागदावर लिहून ठेवा, कारण चार जणांची माहिती भरताभरता डोंगरी गाडीच्या जागा डोळ्यांदेखत जातात. दहाच्या आधीच लॉगिन करून बसा. नाही मिळालं तर हॉटेलवाला किंवा स्टेशनाबाहेरचा माणूस "माझ्याकडे आहे" म्हणेल. दुसर्‍याच्या नावावरचं तिकीट अजिबात घेऊ नका. गाडीत पासपोर्ट आणि तिकिटावरचा नंबर जुळवून बघतात. काळ्या बाजारावर तिथे पोलिसांच्या कारवायाही झाल्यात. कमिशन घेऊन तुमच्याच नावाने तिकीट काढून देणारे एजंट वेगळे, त्यांचं चालतं.

सगळीकडे आरक्षण करत बसू नका. कोलंबो-गॉलला गाड्या भरपूर आहेत, अडीच-तीन तासांचा प्रवास आहे. ऑफिसची गर्दी टाळून सकाळी नऊनंतरची गाडी घ्या आणि अनारक्षित सेकंड काढा. किनार्‍याच्या काही गाड्या कोलंबो फोर्ट या मुख्य स्टेशनाच्या आधी मरदानाहून सुटतात. तिथून बसलं तर चौघांना एकत्र जागा मिळायची शक्यता चांगली. पैसे फक्त डोंगरी प्रवासाच्या आरक्षणावर घाला, आई-वडिलांसाठी ते हवंच.

वर्ग कोणता? फर्स्ट एसी घेऊ नका. काचा बंद, त्यावर धूळ नाहीतर धुकं, फोटोत स्वतःचाच चेहरा येतो. सेकंड आरक्षित घ्या: खिडक्या उघडतात, पंखे आहेत, सीटा बर्‍यापैकी गुबगुबीत. थर्ड आरक्षितमध्ये सीट जरा टणक, बाकी नजारा तोच. 'एल्ला ओडिसी' नावाची खास पर्यटक गाडी आहे. ती फोटोच्या जागांवर हळू होते किंवा थांबते, भाडं साध्या गाडीपेक्षा बरंच जास्त. दुसरं काही मिळालं नाही तरच बघा.

तिकीट उतरल्यावर फेकू नका. बाहेर पडताना फाटकावर ते परत घेतात, नसेल तर दंड. चौघांची तिकिटं एकाच्या खिशात राहू द्या. खिडकीवर रोख लागते, ५०० आणि १००० च्या श्रीलंकन नोटा सुट्या करून ठेवा. यूपीआय तिथे फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालंय, पण ते दुकानांतल्या क्यूआरवर. स्टेशनच्या खिडकीवर त्याच्या भरवशावर उभं राहू नका.

सातपुडा_लोकल

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. नऊ कमानींचा तो प्रसिद्ध पूल कँडीकडून येताना एल्ला स्टेशनच्या पुढे आहे, एल्ला आणि देमोदरच्या मध्ये. कँडीहून येऊन एल्लाला उतरणारे पुलावरून जातच नाहीत. सात तास बसून मुख्य गोष्ट राहून जाते आणि ते त्यांना हॉटेलात गेल्यावर कळतं. पूल दखना व्हई ते एल्लाले उतरू नका, असं अहिराणीत सांगितलं की लक्षात राहील!

पूल १९२१ चा, दगड-विटा-सिमेंटचा, लोखंड न वापरता बांधलेला, साधारण ९० मीटर लांब. त्याच्या पुढे देमोदरला स्टेशनाभोवती वळसा घेऊन लाइन त्याच स्टेशनाच्या खालून बोगद्यातून जाते. काकांना हे पुलापेक्षाही जास्त आवडेल. बदुल्लाकडून येताना खालच्या बोगद्यात शिरताना डोक्यावर स्टेशन असतं, मग गोल फिरून काही मिनिटांत गाडी त्याच फलाटाला लागते.

म्हणून जंक्शनवाल्यांचा उलटा क्रम बरोबर आहे, फक्त गाडीत एल्लाहून चढू नका. सकाळी व्हॅन किंवा टुकटुकने बदुल्लाला जा, रस्त्याने तासाभराच्या आत पोचता. आरक्षण बदुल्लाहूनच करा. एवढ्या सकाळी आईंना दगदग होत असेल तर दुसरा मार्ग: आदल्या दिवशी दुपारी एल्लाहून बदुल्लाकडे जाणार्‍या गाडीचं अनारक्षित तिकीट काढा, जेमतेम २० किमी आणि तासाभराचा प्रवास, पूल आणि देमोदर दोन्ही होतात, परत रस्त्याने या. मग दुसर्‍या दिवशी एल्लाहून आरामात निघा.

स्टेशनांच्या नावांची गंमत सांभाळा. एल्लाच्या एका बाजूला कितल एल्ला आणि बदुल्लाच्या बाजूला हाली एला आहे. 'एल्ला' ऐकलं की बॅगा उचलून उतरणारे दर आठवड्याला सापडत असतील. पाटीवर सिंहला, तमिळ, इंग्रजी तिन्ही असतात. पाटी वाचूनच उतरा.

आणि दारात लटकून फोटो काढणं. डोंगरात कापलेल्या खडकाची भिंत आणि बोगद्याचं तोंड डब्यापासून अगदी जवळून जातं, झाडीच्या फांद्या सरळ तोंडावर येतात. परदेशी पर्यटकांचे मृत्यू झालेत तिथे असे. दारात बसणं, पाय बाहेर सोडणं, दोन्ही नको. पुलावरून जाताना शेवटच्या डब्यात बसा. कमानीवर वळण आहे, त्यामुळे पुढचे डबे वळताना आपोआप खिडकीतून दिसतात.

जंक्शनवाला

बाजूंविषयी थोडं, कारण चौघांत खिडकीवरून वाद होणारच. कोलंबोहून गॉलला जाताना समुद्र उजव्या हाताला. गॉलला गाडीचं तोंड फिरतं, म्हणून माताराकडे पुढे जाणार असाल तर समुद्र डब्याच्या दुसर्‍या बाजूला जातो. कँडीलाही असंच: स्टेशन शेवटाचं आहे, तिथे जाऊन परत येणार्‍या गाड्या उलट्या दिशेने निघतात, तेव्हा पुढे तोंड करून बसलेला माणूस मागे तोंड करून प्रवास करतो. कोलंबोहून कँडीकडे चढताना कडुगन्नावाच्या आसपास दरी उजवीकडे, म्हणून तुम्हाला उतरताना डावी बाजू. त्यावरच्या डोंगरी भागात नजारा दोन्ही बाजूंना आहे, कधी इकडे चहा तर कधी तिकडे. भांडू नका, बंडारवेलानंतर जागा बदला.

गाडीचं नाव नीट बघा. पोडी मेनिके कँडी स्टेशनात जाते. उडरट मेनिके कँडीत शिरतच नाही, पेरादेनिया जंक्शनवरून सरळ निघून जाते. तिच्यात बसलात तर पेरादेनियाला उतरून टुकटुक, सहा-सात किमी. झोपून राहिलात तर कोलंबो.

तापीकाठ, भुसावळ

खूप आभार सगळ्यांचे. वडिलांना वाचून दाखवलं, टॅब्लेटचं ऐकून व्हॅनच्या एका दिवसाला तयार झालेत. दोन शंका: वादळात त्या लाइनचं नुकसान झालं असं ऐकलं, ते कितपत? आणि आईला सलग किती तास बसवावं?

धुळेकर_२

२०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस आलेल्या दित्वा चक्रीवादळात डोंगरी लाइनला जबर फटका बसला. दरडी कोसळल्या, रूळ वाहून गेले, गाड्या तुकड्यातुकड्यांत चालवाव्या लागल्या. म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी श्रीलंका रेल्वेच्या सूचनांत दोनच गोष्टी शोधा: बदुल्ला ते नानु ओया चालू आहे का, आणि नानु ओया ते कँडी चालू आहे का. पहिला तुकडा चालू असेल तर सहलीचा जीव शाबूत, कारण पूल, देमोदर, हपुतळेची दरी, पट्टिपोला हे सगळं त्यातच आहे. दुसरा बंद असेल तर नानु ओयाहून रस्त्याने कँडी, काही बिघडत नाही. आरक्षण उघडतच नसेल तर त्या दिवसाची गाडी नाही असं समजा. ब्लॉगवरची जुनी वेळापत्रकं उतरवून घेऊ नका.

फेब्रुवारी निवडलात हे चांगलं. नैऋत्य मोसमी पाऊस मे ते सप्टेंबर, ईशान्येचा साधारण डिसेंबर-जानेवारीत पूर्व-उत्तरेला, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळीकडे. म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी तिथे दरडींचा मोसम. एप्रिलच्या १३-१४ ला त्यांचं नवीन वर्ष, तेव्हा गाड्या खच्चून. फेब्रुवारीत एकच अडचण: श्रीपाद डोंगराची यात्रा डिसेंबर ते मे चालते आणि यात्रेकरू हॅटनला चढतात-उतरतात. शनिवार-रविवार आणि पौर्णिमेच्या पुढेमागे नानु ओया-कँडी टप्पा अनारक्षितमध्ये करूच नका. दर पौर्णिमेला तिथे सरकारी सुट्टी असते, कॅलेंडर बघूनच तारीख धरा.

सातपुडा_लोकल

आईंच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: कँडी ते एल्ला सुमारे १६० किमी एका बैठकीत करू नका. वेळापत्रकात सात तास, एकेरी मार्गावर समोरची गाडी उशिरा आली की आठ-नऊ. नानु ओयाला मोडून दोन दिवसांत करा. बदुल्ला ते नानु ओया चार तासांच्या आसपास होतो आणि नजाराही त्याच भागात जास्त आहे.

डब्याच्या पायर्‍या अरुंद आणि उभ्या, लहान स्टेशनांवर फलाट बुटके. गुडघ्यांसाठी हा खरा त्रास, बसण्याचा नाही. दोघांनी आधी चढून बॅगा आत घ्याव्यात, मग आईंना हात द्यावा. उतरताना दांडी धरून तोंड डब्याकडे ठेवून उतरायचं. कोलंबो फोर्टला फलाट बदलायला जिना आहे, तिथे गाडीच्या अर्धा तास आधी पोचा. मोठ्या चाकांच्या बॅगा नकोतच. वरच्या फळीवर मध्यम बॅग बसते, मोठी वाटेत पडून राहते आणि सगळे तिला अडखळतात. शौचालय असतं, पाणी असेलच असं नाही, लिटरभराची बाटली त्यासाठी वेगळी ठेवा.

स्वेटर बाहेर काढून ठेवा. गॉलला घामाच्या धारा आणि नानु ओयाला रात्री थंडी. नुवारा एलिया स्टेशनपासून आठेक किमी आहे, टुकटुक मिळते. तिथून हकगलाच्या वाटेवर सीता एलियाला सीता अम्मनचं मंदिर आहे, आई-वडिलांना ते नक्की दाखवा.

खापरावरचे_मांडे

खाण्याचं राहिलंच की. गाडीत फेरीवाले गरम वडे विकतात आणि दिसायला ते आपल्या डाळवड्यासारखे असतात. वरून एक नजर टाका: 'इस्सो वडे' म्हणजे वर अख्खी कोलंबी बसवलेली. कोलंबी सुटून पडलेली असली तरी पीठ तेच आणि तेलही तेच. डाळीचा असेल तो 'परिप्पु वडे', तोही त्याच टोपलीत, त्याच कढईतला. कडक शाकाहारी असाल तर गाडीतला वडा नकोच. त्रिकोणी पाव 'मालु पान' म्हणजे आत मासा. खोबर्‍याची लाल चटणी, पोल सांबोल, हिच्यात बर्‍याचदा सुक्या माशाचा चुरा असतो, आणि ती 'भाजी-भात' म्हणून मागवलेल्या ताटातही येते. "मासा नाही" एवढं सांगून भागत नाही. "सुक्या माशाचा चुराही नको" असं वेगळं सांगायचं.

निर्धास्त खायचं तर तमिळ शाकाहारी हॉटेलं शोधा. कोलंबोत पेट्टा भागात, फोर्ट स्टेशनपासून चालत, इडली-डोसा-भात मिळतो, कँडीतही आहेत. नानु ओया-हॅटन पट्ट्यात चहामळ्यांतली वस्ती तमिळ, तिथेही सोय होते. अडचण गॉल आणि एल्लाला. घरून दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजलेले पोहे आणि जळगावचे केळ्याचे वेफर्स घ्या, डोंगरी प्रवासाचे दोन दिवस निघतात. फळं तिकडेच घ्या. केळी तिथे लहान, आंबटगोड, भरपूर जातींची. आपल्या रावेर-यावलवाल्यांनी नाकं मुरडू नयेत, चांगली असतात.

जायचं कसं हे कुणी सांगितलं नाही. वडील रेल्वेवाले आहेत तर मुंबईला कशाला जाता? नवजीवन एक्स्प्रेस भुसावळहून थेट चेन्नईला जाते, साधारण एक दिवसाचा प्रवास, आणि चेन्नईहून कोलंबो विमानाने दीड तासाच्या आत. विमानतळावर उतरलात की रेल्वेच्या नादी लागू नका. कटुनायकेला स्टेशन आहे, पण बॅगा आणि आई-वडील घेऊन तिथली लोकल पकडण्यात अर्थ नाही. टॅक्सी करा, शहर ३० किमीच्या आसपास आहे. हलकं सामान असेल तर १८७ नंबरची बस.

जंक्शनवाला

शेवटच्या दिवसाबद्दल. कँडी-कोलंबो वेळापत्रकात तीन तासांच्या आत-बाहेर, पण रंबुक्कनापर्यंत एकेरी मार्ग आहे आणि घाटात एक मालगाडी अडली की मागचं सगळं अडतं. परतीचं विमान संध्याकाळचं असेल तर कँडीहून सकाळचीच गाडी, दुपारची नाही. विमान सकाळचं असेल तर एल्लाचा एक मुक्काम कापून शेवटची रात्र कोलंबोत काढा. नवजीवनचं परतीचं आरक्षणही त्याच दिवशीचं काढू नका, चेन्नईत एक रात्र मध्ये ठेवा.